'हार्ट ऑफ डार्कनेस'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोसेफ कॉनरॅडची ही छोटी कादंबरी कधी अभ्यासक्रमात लागते, कधी कुणाच्या यादीत दिसते, कधी सिनेमामुळे कानावर येते आणि मग प्रश्न सुरू होतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. प्रश्न ७ पासून पुढे कथानक उघड होत जातं. पुस्तक अजून वाचलं नसेल तर तिथे थांबा, वाचून परत या.

१. ही कादंबरी आहे की कथा? केवढी मोठी आहे?

दोन्हींच्या मधली. साधारण ३८ हजार शब्द, तीन भाग. तीन भाग पडले ते मासिकामुळे. 'ब्लॅकवुड्स मॅगझीन'च्या १८९९ मधल्या फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल या तीन अंकांत ती क्रमशः आली. पुस्तकात ती १९०२ मध्ये आली, तीही एकटी नाही. 'यूथ' आणि 'द एंड ऑफ द टेदर' या दोन कथांच्या मधे तिला जागा मिळाली होती. पानं थोडी आहेत म्हणून एका बैठकीत उरकेल असं मात्र धरून चालू नका. कारण प्रश्न ६ मध्ये.

२. शेवट न सांगता गोष्ट काय आहे ते सांगाल का?

मार्लो नावाचा खलाशी एका युरोपीय व्यापारी कंपनीत आगबोटीचा कप्तान म्हणून नोकरी धरतो आणि आफ्रिकेतल्या एका प्रचंड नदीवर जातो. कंपनीचा धंदा हस्तिदंताचा. नदीवरच्या सगळ्यात आतल्या ठाण्यावर कुर्ट्झ नावाचा एजंट आहे. बाकीचे सगळे मिळून जेवढा हस्तिदंत पाठवतात, तेवढा हा एकटा पाठवतो. शिवाय तो चित्रं काढतो, लिहितो, बोलायला लागला की ऐकणारे भारून जातात. तो आजारी असल्याची कुणकुण लागते आणि त्याला आणायला मार्लोची बोट निघते. कथानक एवढंच. जे काही घडतं ते वाटेत घडतं, आणि मार्लोच्या सांगण्यात.

३. कॉनरॅड स्वतः तिथे गेला होता, की सगळं ऐकीव आहे?

गेला होता, काँगोत, १८९० मध्ये. तेव्हा तो लेखक नव्हता, ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा अधिकारी होता. जन्म १८५७ चा, आजच्या युक्रेनमधल्या बेर्दिचिवचा. आईवडील पोलिश, आणि त्यांच्या पोलंडवर राज्य रशियाच्या झारचं. वडील कवी आणि क्रांतिकारक होते. त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली तेव्हा हा मुलगाही सोबत होता. वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी आई आणि वडील दोघंही गेले. साम्राज्य लोकांचं काय करतं हे त्याला काँगोत जाण्याआधीपासून ठाऊक होतं, ते असं.

ब्रसेल्सच्या एका कंपनीशी त्याने तीन वर्षांचा करार केला. ओळखीपाळखीचं काम मार्गरीट पोराडोव्स्का या नात्यातल्या बाईंनी केलं. कादंबरीतली मावशी बहुधा तिथून आली. त्याच्या आधीचा कप्तान, फ्राइसलेबेन नावाचा डेन्मार्कचा माणूस, गावकऱ्यांशी झालेल्या भांडणात मारला गेला होता, म्हणून जागा रिकामी होती. हा प्रसंग कादंबरीत जवळपास तसाच आहे, आडनावसुद्धा फारसं बदललेलं नाही. कॉनरॅड काँगो नदीवरच्या मातादी बंदराहून किन्शासापर्यंत पायी गेला, तिथून 'र्वा दे बेल्ज' या छोट्या आगबोटीने स्टॅन्ली धबधब्यापर्यंत. परतताना कप्तान आजारी पडल्यामुळे काही काळ बोट त्याच्या हाती होती. मग हिवताप आणि आमांश यांनी तो स्वतःच खचला. करार अर्धवट टाकून निघाला आणि तब्येत पुढे कधीच पूर्ण सावरली नाही.

या काळातली त्याची डायरी उपलब्ध आहे. त्रोटक आहे. आज किती मैल चाललो, पाणी कुठे मिळालं, वाटेत कुणाचा मृतदेह दिसला. अधूनमधून डास.

४. पुस्तकात काँगो किंवा बेल्जियम हे नावच नाही. मग ते काँगोबद्दलच आहे हे कशावरून?

बरोबर पकडलंत. नदीला नाव नाही, देशाला नाही, कंपनीला नाही, ब्रसेल्सलाही नाही. पण वर सांगितलेला प्रवास टप्प्याटप्प्याने जुळतो. लेखकाने स्वतः १९१७ मध्ये लिहिलं की हा अनुभव वास्तवाच्या थोडासाच, अगदी थोडासाच, पुढे ढकललेला आहे. नावं गाळल्याने एक फायदा झाला. बेल्जियमवर बोट दाखवून 'आम्ही तसे नव्हतो' म्हणायची सोय इंग्रज वाचकाला फारशी उरली नाही. तरी थोडी उरलीच, ती कशी हे प्रश्न ११ मध्ये.

५. त्या वेळी काँगोत नेमकं काय चाललं होतं?

१८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास युरोपातल्या सत्तांनी काँगोच्या खोऱ्यावर बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याचा हक्क मान्य केला. बेल्जियम देशाचा नव्हे, राजाचा वैयक्तिक. आकाराने बेल्जियमच्या सत्तर पटींहून मोठा मुलुख एका माणसाच्या नावावर झाला, आणि त्या माणसाने तिथे कधी पाऊल ठेवलं नाही. कारण काय दिलं? गुलामांचा व्यापार बंद करायचा, विज्ञान आणि सुधारणा न्यायच्या. नाव ठेवलं 'स्वतंत्र राज्य'.

व्यवहार असा होता: गावांच्या कसण्याबाहेरची जमीन 'रिकामी' ठरवून राज्याची केली. म्हणजे तिथला हस्तिदंत राज्याचा, पुढे रबरही राज्याचं. एजंटांना मिळकत मालाच्या हिशेबात. मजुरी सक्तीची. बंदोबस्ताला 'फोर्स प्युब्लिक' नावाचं सैन्य, अधिकारी युरोपीय आणि शिपाई आफ्रिकी. हवेच्या टायरचा शोध लागल्यावर रबराची मागणी भडकली आणि १८९० च्या दशकात गावोगाव रबराचे कोटे बसले. कोटा चुकला की बायकांना ओलीस धरायचं, फटके मारायचे, गाव जाळायचं. शिपायाने काडतूस वाया घालवलं नाही याचा पुरावा म्हणून मारलेल्या माणसाचा उजवा हात तोडून आणायची पद्धत पडली. आणि काडतूस शिकारीत खर्च झालं असेल, तर जिवंत माणसाचाही हात चालत असे.

१९०४ मध्ये काँगोतला ब्रिटिश वाणिज्यदूत (कॉन्सल) रॉजर केसमेंट याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पत्रकार ई. डी. मोरेल आणि सहकाऱ्यांनी काँगो सुधारणा संघटना उभी केली. १९०८ मध्ये राजाला तो मुलुख बेल्जियम सरकारच्या हवाली करावा लागला.

एक गैरसमज इथेच दूर करू. तोडलेले हात कादंबरीत नाहीत. रबरही नाही. कॉनरॅड गेला तेव्हा धंदा मुख्यतः हस्तिदंताचा होता. साखळदंडाने बांधलेले मजूर, मरायला सोडलेली माणसं, रेल्वेसाठी उगाच उडवले जाणारे सुरुंग, हे सगळं मात्र १८९० चंच आहे. मातादीहून निघणाऱ्या रेल्वेचं काम त्याच वर्षी सुरू झालं आणि १८९८ पर्यंत चाललं.

६. इंग्रजी फार जड आहे. दहा पानांत अडकतो. काय करू?

तुम्ही एकटे नाही. अडचण शब्दांची कमी आणि सांगण्याच्या रीतीची जास्त आहे. टेम्स नदीवर 'नेली' नावाच्या बोटीत काही लोक ओहोटीची वाट पाहत बसलेत. मार्लो त्यांना गोष्ट सांगतो, आणि त्यांच्यातलाच एक निनावी माणूस ती आपल्याला सांगतो. म्हणून जवळजवळ सगळा मजकूर अवतरणचिन्हांत आहे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ जातो.

दुसरं, मार्लोला जे दिसतं ते आधी येतं आणि त्याचा अर्थ मागून. हवेत बारक्या काड्या उडताहेत असं तो म्हणतो, आणि थोड्या वेळाने कळतं की ते बाण होते. वाक्य कळलं नाही तर मागे जाऊ नका, पुढे वाचा. मोठ्याने वाचलं तर आणखी बरं. ही बोललेली गोष्ट आहे.

आणि ती संथ सुरुवात गाळू नका. बोटीत ऐकायला कोण बसलंय पाहा: कंपन्यांचा संचालक, वकील, हिशेबनीस. वसाहतीचा धंदा ज्यांच्या सहीने चालतो अशीच ही माणसं. हिशेबनिसाने वेळ घालवायला डॉमिनोचा डबा काढलाय, आणि डॉमिनोच्या सोंगट्या हाडाच्या नाहीतर हस्तिदंताच्या. कॉनरॅड त्यावर काही बोलत नाही.

७. कुर्ट्झ खरोखरचा माणूस होता का?

एक धागा नक्की आहे. कॉनरॅडच्या बोटीने स्टॅन्ली धबधब्याहून ज्यॉर्ज आंत्वान क्लाइन नावाच्या आजारी एजंटला घेतलं, आणि तो परतीच्या प्रवासात बोटीवरच वारला. हस्तलिखितात सुरुवातीला नावही क्लाइनच आहे. पण क्लाइनने कुर्ट्झसारखं काही केल्याचं कुठे आढळत नाही. क्रौर्याच्या बाजूने लेआँ रोम या अधिकाऱ्याचं नाव घेतलं जातं. त्याने स्टॅन्ली धबधब्यावरच्या आपल्या घरासमोर फुलझाडांच्या वाफ्याभोवती माणसांची डोकी मांडली होती, अशी बातमी १८९८ मध्ये लंडनमध्ये छापून आली होती. बाकी कॉनरॅड हेही सांगून ठेवतो की कुर्ट्झची आई अर्धी इंग्रज, बाप अर्धा फ्रेंच, आणि त्याला घडवायला सगळ्या युरोपने हातभार लावला. एकच मूळ शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही.

८. कुर्ट्झ नेमकं करतो तरी काय? स्पष्ट काहीच लिहिलेलं नाही.

थोडं स्पष्ट आहे. देवाणघेवाणीचा माल संपल्यावर तो हत्यारबंद टोळ्या घेऊन आसपासच्या गावांवर धाडी घालतो आणि हस्तिदंत लुटतो. लोक त्याला देवासारखं मानतात, त्याच्यापुढे सरपटत येतात. त्याच्या घराभोवती खांबांवर माणसांची डोकी आहेत, त्यातली बहुतेक घराकडे तोंड करून. 'रानटी चालीरीती' मोडण्यासाठीच्या एका संस्थेला त्याने सतरा पानी अहवाल लिहिला आहे, भाषा उदात्त, वाचून अंगावर रोमांच यावेत अशी. शेवटच्या पानाच्या तळाशी नंतर कधीतरी थरथरत्या हाताने एक ओळ खरडलेली आहे: या सगळ्या जनावरांना संपवा.

त्यापलीकडे 'अकथनीय विधी' वगैरे जे येतं ते धूसरच राहतं. एफ. आर. लीव्हिस या समीक्षकाने १९४८ मध्ये तक्रार केली की कॉनरॅड विशेषणांवर विशेषणं रचून नसलेली खोली दाखवू पाहतो. शेवटच्या तिसऱ्या हिश्शाबद्दल ही तक्रार मला पटते. डोकी आणि ती ओळ पुरेशी होती.

९. बोटीवरचे नरभक्षक खलाशी उपाशी असूनही गोऱ्यांना का खात नाहीत?

मार्लोलाही हाच प्रश्न पडतो, आणि त्याला उत्तर सापडत नाही. त्यांच्याजवळचं पाणघोड्याचं मांस सडलेलं होतं, त्यातलं बरंचसं गोऱ्या प्रवाशांनी नदीत फेकून दिलं. पगार म्हणून त्यांना दर आठवड्याला पितळी तारेचे तीन तुकडे मिळतात, प्रत्येक सुमारे नऊ इंच. या 'चलना'तून त्यांनी नदीकाठच्या गावांत अन्न विकत घ्यावं अशी अपेक्षा. पण गावं ओसाड, नाहीतर शत्रूची, नाहीतर मॅनेजरला बोट थांबवायची नाही. पगार मात्र अगदी वेळच्या वेळी, प्रतिष्ठित कंपनीला शोभेल असा, अशी मार्लोची टिप्पणी आहे. ते तीस, गोरे पाच. तरी ते स्वतःला आवरतात. कुर्ट्झला आवरता आलं नाही. ही तुलना पुस्तकातली आहे, माझी नाही.

१०. म्हणजे विषय माणसाच्या मनातला अंधार हाच ना? वसाहतवाद ही नुसती पार्श्वभूमी?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. 'माणूस मुळातच असा असतो' हे उत्तर लिहायला सोपं आणि ऐकायला भारदस्त. अडचण एवढीच की त्या उत्तरात कंपनी सुटते. एकटेपणा, जंगल आणि आतला पशू यांनी कुर्ट्झला बिघडवलं म्हटलं की त्याच्या हाती बंदुका कुणी दिल्या आणि तो हस्तिदंत कोण उचलत होतं, हे विचारायचं राहून जातं.

कंपनीच्या हिशेबनिसाचा प्रसंग पुन्हा वाचा ('नेली'वर बसलेला हिशेबनीस वेगळा). किनाऱ्याजवळच्या ठाण्यावर हा गृहस्थ कडक कॉलर, पांढरे कफ, चकचकीत बूट घालून बसलेला. वह्या अगदी चोख. दारापासून थोड्या अंतरावर झाडांच्या सावलीत कामाला निरुपयोगी झालेले मजूर मरायला पडलेत. त्याच्याच खोलीत एक आजारी एजंट खाटेवर कण्हतोय आणि त्या कण्हण्याने बेरजेत चुका होतात म्हणून हा वैतागतो. बरोबर नोंदी करायच्या असतील तर या रानटी लोकांचा मरेस्तोवर द्वेष वाटू लागतो, असंही सांगतो. या माणसात कुठला आदिम पशू जागा झालाय? एकही नाही. तो उत्तम कर्मचारी आहे.

मग मॅनेजर. कुर्ट्झची डोकी, धाडी, सगळं कळल्यावर त्याचा आक्षेप काय, तर पद्धत चुकीची होती. त्यामुळे हा भाग काही काळ बंद राहणार आणि व्यापाराचं नुकसान होणार. हस्तिदंत मात्र तो शेवटच्या दातापर्यंत बोटीवर चढवतो.

कुर्ट्झ भयंकर आहेच. पण माणसाच्या आतली काळी बाजू या पुस्तकात करारपत्र, कमिशन आणि पुरवठ्याच्या बोटी यांच्या आधाराने बाहेर येते. दोन विषय वेगळे काढायला गेलात तर हातात दोन्हींपैकी एकही नीट राहत नाही. आणि मला स्वतःला कुर्ट्झपेक्षा त्या हिशेबनिसाची जास्त भीती वाटते.

११. कॉनरॅड वसाहतवादाच्या विरोधात होता की नाही? सरळ सांगा.

काँगोतल्या लुटीच्या विरोधात होता, नि:संशय. १९२४ च्या एका निबंधात त्याने तिला मानवी सदसद्विवेकाच्या इतिहासातली सर्वांत नीच लूट म्हटलंय. पण मार्लो कंपनीच्या कचेरीत नकाशा पाहतो तेव्हा ब्रिटिश साम्राज्याचा लाल रंग पाहून त्याला बरं वाटतं. तिथे खरं काम चालतं म्हणे. ब्रिटनने कॉनरॅडला नागरिकत्व, नोकरी आणि भाषा दिली होती, हे विसरून चालणार नाही.

कृतीचं म्हणाल तर, केसमेंटशी त्याची मातादीला गाठ पडली होती आणि १९०३ मध्ये केसमेंटने मदत मागितल्यावर त्याने पाठिंब्याचं कडक पत्र दिलं. स्वतः चळवळीत उतरला नाही. पुढे आयर्लंडच्या उठावात भाग घेतल्याबद्दल केसमेंटला १९१६ मध्ये फाशी झाली. दयेच्या अर्जावर कॉनरॅडने सही केली नाही.

१२. हे पुस्तक वर्णद्वेषी आहे असं अचेबेने म्हटलं. मग वाचावं की नाही?

नायजेरियाचा कादंबरीकार चिनुआ अचेबे याने १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या व्याख्यानात हा आरोप केला. त्याचा मुद्दा 'काही शब्द वाईट आहेत' एवढाच नव्हता. आफ्रिका ही एका युरोपीय मनाच्या पडझडीची रंगभूमी करून टाकली आहे आणि तिथली माणसं नेपथ्य, असं तो म्हणाला. आफ्रिकी पात्रांच्या तोंडी मोजून दोनदा इंग्रजी येतं. एकदा माणूस खायला मागताना, एकदा कुर्ट्झ मेल्याची वर्दी देताना. कुर्ट्झच्या ठाण्याजवळ किनाऱ्यावर दिसणारी भव्य आफ्रिकी स्त्री एक शब्द बोलत नाही. कुर्ट्झच्या युरोपातल्या वाग्दत्त वधूला मात्र अख्खा प्रसंग मिळतो.

बचाव बरेच झाले. ही मतं मार्लोची, कॉनरॅडची नव्हेत, हा एक. गयानाचा कादंबरीकार विल्सन हॅरिस याने साहित्यरूपाच्या अंगाने उत्तर दिलं. पॅलेस्टिनी-अमेरिकी समीक्षक एडवर्ड सैदचं म्हणणं साधारण असं की कॉनरॅडला साम्राज्य म्हणजे लूट हे दिसलं, पण त्या लोकांना स्वतःचं जग असू शकतं हे दिसलं नाही. मला सैदची मांडणी सर्वांत जवळची वाटते.

'त्या काळात सगळेच तसे होते' हा बचाव मात्र टिकत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकी लेखकाने जुलै १८९० मध्ये स्टॅन्ली धबधब्यावरूनच लिओपोल्डला खुलं पत्र लिहिलं. कॉनरॅड तिथे पोचण्याच्या काही आठवडे आधी. त्याने आफ्रिकी लोकांशी बोलून, त्यांच्या तक्रारी साक्षीसारख्या नोंदवल्या.

वाचावं का? वाचावं, आणि अचेबेचा निबंध लगेच नंतर वाचावा.

१३. मार्लो शेवटी त्या मुलीशी खोटं का बोलतो?

कुर्ट्झचे शेवटचे शब्द 'भयंकर! भयंकर!' असे आहेत. त्याची वाग्दत्त वधू विचारते तेव्हा मार्लो सांगतो की त्याने तुझं नाव घेतलं. आपल्याला खोट्याचा तिटकारा आहे, हे तो आधीच सांगून बसलाय. दया आली हे एक कारण. दुसरं असं की बायकांनी आपल्या सुंदर जगात राहावं असं त्याला वाटतं, मावशीबद्दलही तो तसंच बोलतो. परिणाम असा की कुर्ट्झ महात्मा होता ही समजूत युरोपात शाबूत राहते. त्या अहवालाचंही मार्लो हेच करतो. शेवटची ओळ फाडून बाकीचा अहवाल छापायला देतो.

१४. परीक्षेत 'मार्लो म्हणजेच कॉनरॅड' लिहिलं तर चालेल?

नको. प्रवास कॉनरॅडचा, पण खांबांवरची डोकी, तो अहवाल आणि वाग्दत्त वधूची भेट रचलेली आहे. मार्लो 'यूथ' आणि 'लॉर्ड जिम'मध्येही सांगणारा म्हणून येतो.

१५. 'अपोकॅलिप्स नाउ' पाहिलाय. तीच गोष्ट ना?

सांगाडा तोच, नदी आणि कुर्ट्झ तेच. कोपोलाच्या १९७९ च्या चित्रपटात काळ व्हिएतनाम युद्धाचा आहे. कप्तान विलार्ड कुर्ट्झला ठार मारायला निघतो, मार्लो त्याला परत आणायला. चित्रपट ताकदीचा आहे, पण त्यातून हस्तिदंत गेला आणि त्याबरोबर हिशेबनीसही गेला. म्हणून तो युद्धाच्या वेडाबद्दल होतो, धंद्याबद्दल राहत नाही.

१६. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' याच जातीचं पुस्तक मानायचं का?

वरवर पाहता हो. गोल्डिंगच्या १९५४ च्या कादंबरीत इंग्रज शाळकरी मुलं निर्जन बेटावर अडकतात आणि एकमेकांच्या जिवावर उठतात. तिथे बेट रिकामं आहे. कंपनी नाही, माल नाही, लुटायला दुसरे लोक नाहीत. त्यामुळे प्रश्न १० मधलं 'माणूस मुळातच असा' हे वाचन तिथे बरंचसं चालतं. तेच वाचन काँगोवर चढवलं की गडबड होते. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'लाही अपवाद आहे. मुलांना सोडवायला येणारा नौदल अधिकारी स्वतः युद्धावर निघालेला आहे.

१७. यानंतर काय वाचू?

आधी कॉनरॅडचीच १८९७ ची कथा, 'अॅन आउटपोस्ट ऑफ प्रोग्रेस'. दोन सामान्य वकुबाचे गोरे व्यापारी, एक ठाणं, आणि शेवटी साखरेच्या काही खड्यांवरून झालेलं भांडण. मूळ मुद्दा तिथे जास्त कोरडा आणि जास्त विनोदी येतो. मग अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८). इग्बो गावाचं जग तिच्यात आधी उभं राहतं, मिशनरी नंतर येतात. सुदानच्या तय्यब सालिहची 'सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ' (१९६६) प्रवासाची दिशाच उलटी करते. मूळ अरबीत, इंग्रजी अनुवाद उत्तम. आणि डच ईस्ट इंडीजमधल्या (आजचा इंडोनेशिया) कॉफीच्या सक्तीवर लिहिलेली मुल्तातुलीची 'मॅक्स हावेलार' (१८६०). विस्कळीत आहे, पण तिच्या निवेदकांपैकी एक कॉफीदलाल आहे. प्रश्न १० पटला असेल तर तीच आधी घ्या.

१८. कुठली आवृत्ती घ्यावी?

कॉनरॅड १९२४ मध्ये गेला, त्यामुळे मजकूर मुक्त आहे आणि 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर फुकट मिळतो. नुसती गोष्ट वाचायची तर तेवढं पुरे. अभ्यासाला 'नॉर्टन'ची समीक्षात्मक आवृत्ती बघा. काँगोची डायरी आणि अचेबेचा निबंध दोन्ही एकाच पुस्तकात मिळतात. प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. बहुतेक प्रस्तावनांत पहिल्या दोन पानांतच कुर्ट्झचे शेवटचे शब्द सांगून टाकलेले असतात.